डबीतली बाई आणि आपली वाट



सेनगाव तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. अक्षर मोठे, ओळी वाकड्या, पण मजकूर अगदी सरळ. त्या लिहितात, "माझा मुलगा बारावी शिकला. नोकरी लागली नाही. बचत गटाचे कर्ज काढून आणि माझे कानातले मोडून आम्ही जुनी चारचाकी घेतली. तो भाड्याने गाडी चालवतो. आता हिंगोलीत एक जण त्याला रस्ता सांगणारे यंत्र तीन हजारांत देतो म्हणतो. जुने आहे, पण चालू आहे. पोरगा म्हणतो, माय, यंत्र असले म्हणजे परगावचे भाडे मिळते. तुम्ही सांगा, घ्यावे का?"

कष्टकऱ्याच्या घरात तीन हजार रुपये म्हणजे महिन्याचा किराणा. तेव्हा 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे दोन शब्द लिहून मोकळे होणे आम्हाला बरे वाटले नाही. ज्यांनी अशी यंत्रे वापरली त्या नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या चालकांना आम्ही विचारले. आमच्या घरचाही अनुभव आहेच. तो सगळा आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. गाडीच्या काचेला रबरी वाटीने चिकटवायची, तळहाताएवढी ही डबी. चालक तिला नेव्हिगेटर किंवा नुसते 'जीपीएस' म्हणतात. आपल्याकडे ती २००७-०८ च्या सुमारास दुकानांत दिसू लागली. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते आणि तो सतत वेळ सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला एका सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. कोणत्या उपग्रहाचा संदेश किती उशिरा आला यावरून डबी हिशेब करते. किमान चार उपग्रह सापडले की आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे तिला कळते. पूर्वी सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती चूक घालणे १ मे २००० च्या रात्री बंद झाले. त्याच दिवशी आपला हिंगोली जिल्हा एक वर्षाचा झाला होता! त्यानंतर मोकळ्या आभाळाखाली पाच-दहा मीटरपर्यंत ठिकाण कळू लागले, आणि गाडीत ही डबी लावण्याला अर्थ आला. पुढे आपल्या देशानेही १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडून आपली स्वतःची व्यवस्था उभारायला घेतली. तिचे नाव नाविक.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. उपग्रह फक्त 'तू कुठे आहेस' एवढेच कळू देतो. तिथे रस्ता आहे की नाला, गाव आहे की माळ, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगतो डबीत भरलेला नकाशा. आणि नकाशा आभाळातून पडत नाही, तो माणसे तयार करतात. या डबीची सगळी भलाई उपग्रहाची, आणि बहुतेक खोड्या नकाशाच्या.

आता आमचा अनुभव. २०१० साली आमच्या थोरल्या बंधूंनी भाड्याच्या जीपसाठी नवी डबी घेतली. भिशीचे पैसे उचलून घेतली. घरात टीव्ही आला तेव्हा जेवढी गर्दी झाली नव्हती तेवढी त्या दिवशी अंगणात झाली. डबीतून एक बाई हिंदीत बोलायची. मराठी तिला येत नव्हते. कळमनुरीचा उच्चार ती असा काही करायची की लेकरे हसून लोळायची. आमच्या आईने तिचे नाव 'डबीतली बाई' ठेवले, ते आजतागायत घरात चालू आहे.

त्या वर्षी आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. पुसद, यवतमाळ, वर्धा या वाटेने. रात्रीच्या वेळी एरवी प्रत्येक चौकात खाली उतरून विचारावे लागायचे. या खेपेस बाई सांगत गेली आणि बंधू वळत गेले. नागपूर शहराच्या तोंडाशी मात्र पोलिसांनी गर्दीमुळे रस्ता अडवलेला. बाई म्हणते सरळ जा, शिपाई म्हणतो मागे फिरा. आम्ही मागे फिरलो तर बाई दर दोन मिनिटांनी पुन्हा वळायला सांगू लागली. आई मागच्या बाकावरून म्हणाली, "तिला म्हणावं, माय, तूच खाली उतर अन् त्या दादाला विचार." गाडीभर हशा पिकला. पण त्या हशात शहाणपणही होते. आज रस्ता बंद आहे, आज जत्रा आहे, आज पूल खचला आहे, हे त्या डबीला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

पुढे आठव्या महिन्यात डबी चालेना. काच पांढरी पडायची आणि बंद व्हायची. हमीची मुदत शिल्लक होती. बंधू दुकानात गेले तर दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "बिल कुठंय?" घेताना त्याने 'बिल घेतलं तर महाग पडेल' म्हणून साध्या चिठोऱ्यावर रक्कम लिहून दिली होती. चार पैसे वाचवायला गेलो आणि सगळेच पाण्यात गेले. दुरुस्तीला पदरचे पैसे घातले. चूक दुकानदाराची होतीच, पण ती चिठ्ठी मुकाट घेणारे आम्हीही शहाणे नव्हतो.

वसमतचे एक चालक हळद घेऊन सांगलीला जात असत. ते म्हणाले, "डबीनं माझं लई भलं केलं. रात्री तीनला सांगलीत शिरायचो, कुणाला उठवायचं काम नव्हतं. बाजाराच्या दारात नेऊन उभं करायची." पण त्यांचीही एक तक्रार आहे. डबी छोट्या गाडीसाठी केलेली. जवळची वाट म्हणून तिने भरलेला टेम्पो एका गावच्या अरुंद गल्लीत घातला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दोन तास गेले आणि एका घराच्या पन्हाळीची भरपाई द्यावी लागली. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आतली बॅटरी जुनी झाली की तासभरही टिकत नाही, गाडीच्या लायटर सॉकेटला वायर लावूनच ती चालवावी लागते. उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी केली की रबरी वाटी सुटते आणि डबी खाली आपटते. आपल्याकडचा मे महिना त्या वाटीला सोसत नाही.

तिसरा अनुभव लग्नाचा. अमरावतीहून आमचे पाहुणे आखाडा बाळापूरला लग्नाला निघाले. गाडीतल्या पोराने डबीत नुसते 'बाळापूर' घातले. पहिले जे नाव आले त्यावर बोट ठेवले. ते होते अकोल्याजवळचे बाळापूर! तिथे पोहोचल्यावर त्यांनी मंडप कुठे म्हणून विचारले तेव्हा लोक तोंडाकडे पाहू लागले. तिथून आपले बाळापूर दीडशेवर किलोमीटर. पाहुणे आले तेव्हा पंगती उठल्या होत्या. आपल्या भागात अशी नावे थोडी नाहीत. येहळेगाव तुकाराम कळमनुरी तालुक्यात, येहळेगाव सोळंके औंढ्याकडे. एक नरसी आपली, संत नामदेवांची, आणि दुसरी नांदेड जिल्ह्यात नायगावकडे. माणसाला 'नरसीला जायचंय' म्हटले तर तो उलट विचारतो, 'कोणत्या?' डबी विचारत नाही. म्हणून गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जिल्हा पाहिल्याशिवाय गाडीला चावी देऊ नये.

चौथा अनुभव जुन्या नकाशाचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. हिंगोलीची माणसे वाशिमवरून शेलूबाजारला जाऊन त्यावर चढतात. आमचे बंधू तीच जुनी, दुरुस्त केलेली डबी लावून एकदा त्या रस्त्याने गेले. गाडी वाऱ्यासारखी पळते आहे आणि डबीत दिसते आहे की आपण कोरड्या माळरानात, कुठल्याही रस्त्याशिवाय धावतो आहोत! बाई सारखी मागे फिरायला सांगते आहे. उपग्रह खोटे बोलत नव्हता, गाडी होती तिथेच दाखवत होता. पण नकाशा होता २०१० सालचा, त्याला समृद्धी ठाऊक असणार कशी? नवा नकाशा भरून घ्यावा तर त्या कंपनीने ते जुने मॉडेल केव्हाच वाऱ्यावर सोडले होते. म्हणजे डबी चालू, पण तिचे ज्ञान शिळे. सेनगावच्या भगिनीला जी डबी दाखवली जात आहे, तिच्याबद्दल हाच पहिला प्रश्न आहे.

शिळे ज्ञान केवळ वेळ खात नाही, ते जीवही घेते. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोतूळजवळ, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. चालकाचा बुडून मृत्यू झाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे गेले. पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता, नकाशात मात्र पूल सलग होता. या दोन्ही ठिकाणी डबी नव्हती, मोबाइलचा नकाशा होता, पण दुखणे एकच. आपल्याकडे कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. पावसाळ्यात ओढ्यांवरचे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. पाणी पुलावरून वाहत असेल तर बाई काहीही म्हणो, गाडी थांबवायची. पूल दिसत नाही तिथे चाक घालायचे नाही. हे प्रत्येक आईने आपल्या चालक मुलाला शपथ घालून सांगावे.

आता जो अनुभव लिहायचा तो लिहिताना आमचा हात अजूनही जड होतो. आमच्या मामेबहिणीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. औंढा तालुक्यातले गाव, नाव मुद्दाम देत नाही. वस्ती गावापासून किलोमीटरभर, नाल्याच्या पलीकडे. रात्री दोनला कळा सुरू झाल्या. हिंगोलीच्या ओळखीच्या चालकाला फोन केला, पण तो बाहेरगावी, म्हणून त्याने दुसऱ्या पोराला पाठवले. पोरगा नवा, गाडीत डबी. डबीने त्याला गावाच्या मधोमध चौकात आणले आणि बाई म्हणाली, तुम्ही पोहोचलात. बाईच्या लेखी काम संपले. वस्तीचे नाव डबीत नव्हतेच. रात्रीच्या अंधारात कुणी दार उघडेना, मोबाइलला रेंज नाही. पोरगा पाऊण तास त्या गावाभोवती फिरत राहिला आणि इकडे मुलगी ओरडत होती. शेवटी तिचा भाऊ बॅटरी घेऊन नाला ओलांडून फाट्यावर जाऊन उभा राहिला, तेव्हा गाडी दिसली. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली आणि तिथेच लेकरू जन्माला आले. आई-बाळ वाचले. ते लेकरू आता शाळेत जाते. पण तो पाऊण तास आमच्या घरातला कोणी विसरलेला नाही.

ती वस्ती डबीत का नव्हती? कुणी वैराने वगळली असे आम्ही म्हणत नाही. नकाशा करणारा ज्या रस्त्याने फिरला तो रस्ता नकाशात आला. तो चौकापर्यंत गेला, नाल्यापलीकडे गेला नाही. गावाचा डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे त्याचा नकाशाही संपला. उपग्रहाला मात्र चौक आणि नाल्यापलीकडचे घर दोन्ही सारखेच. आभाळातून पाहणाऱ्याला गावकूस दिसत नाही.

पुढे मोबाइलवर नकाशे आले तेव्हा आमच्या भाचीने मोठ्या उत्साहाने आपली वस्ती शोधली. या वेळी वस्ती होती, पण नाव होते जुने, जातीवरून पडलेले. ते आम्ही इथे छापत नाही. वाचकांना ठाऊक आहे. वस्तीच्या लोकांनी कमानीवर, पत्रावर, लग्नपत्रिकेवर कधीच भीमनगर लिहायला सुरुवात केली होती. राज्य शासनानेही डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समता नगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला. कागदावर नाव बदलले, नकाशात राहिले. भाची दहावीत होती. तिने मोबाइलच्या नकाशातच 'दुरुस्ती सुचवा' ही सोय शोधून काढली, भीमनगर लिहिले, कमानीचा फोटो जोडला. पहिल्यांदा मान्य झाले नाही. तिने वस्तीतल्या चार पोरींना बसवून पुन्हा पाठवायला लावले. काही आठवड्यांनी एक दिवस ती ओरडतच घरात आली, "आजी, आपलं नाव आलं!" आमच्या आईला अक्षर वाचता येत नाही. तिने पडद्यावर बोट ठेवून विचारले, "इथं का आपलं घर?" आणि बराच वेळ बोट उचलले नाही.

हे काम कोणालाही करता येते, पैसे पडत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा २००४ सालापासून जगभरची साधी माणसे मिळून तयार करतात. त्यातही आपली वस्ती, समाजमंदिर, शाळा, दवाखाना, नाल्यावरची वाट भरता येते. २७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला. त्यात चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक तुकड्याला दहा अक्षर-आकड्यांचा पत्ता मिळतो. घराला नंबर नसो, गल्लीला नाव नसो, हा पत्ता असतोच. घरातल्या शिकलेल्या मुलाने तो काढून दाराच्या आत मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, म्हणजे अडीअडचणीला फोनवर सांगता येईल.

आता पत्राचे उत्तर. ताई, तीन हजारांची ती जुनी डबी घेऊ नका असे आमचे मत आहे. मुलाकडे साधा स्मार्टफोन असेल तर उपग्रहाचे संदेश घेणारा भाग त्यातच असतो. घरी किंवा जिथे नेट चांगले चालते तिथे जिल्ह्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवला तर वाटेत रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो. उपग्रहाला मोबाइलच्या रेंजची गरज नाही. काचेला फोन अडकवण्याची चिमटी आणि चार्जिंगची वायर एवढाच खर्च. फोनवर बोलत किंवा हातात धरून गाडी चालवू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

तरीही डबीच घ्यायची असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. एक, नकाशा कोणत्या वर्षाचा आहे आणि नवा भरून मिळतो का? दुकानातच तिला समृद्धी महामार्ग विचारा. तिला तो ठाऊक नसेल तर हात जोडून परत या. दोन, मोकळ्या आभाळाखाली पंधरा मिनिटे चालवून पाहा. पत्र्याखाली उपग्रह सापडत नाहीत म्हणून दुकानदार सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका, बाहेर या. तीन, वायर काढून बॅटरी किती टिकते पाहा. चार, पक्के बिल. ओळखीतल्या माणसाकडून बिलाशिवाय घेतलेल्या वस्तूसाठी कोणाच्या दारात उभे राहणार?

बिल असेल तर कायदा आपल्या बाजूने आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू सदोष निघाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान पुण्या-मुंबईचे असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही. कुणी म्हणेल, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नव्हे. तर त्याला सांगावे की स्वतःच्या पोटासाठी स्वतः धंदा करणारा माणूस या कायद्यात ग्राहकच आहे. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून विचारावे.

आणि एक गल्लत करू नये. वाट दाखवणारी डबी नुसती ऐकते. गाडी कुठे आहे हे दुसरीकडे कळवणारे यंत्र वेगळे असते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना ते आणि धोक्याचे बटण लावण्याचा केंद्राचा नियम आला. टॅक्सी परवाना काढताना त्याची चौकशी परिवहन कार्यालयात करावी. डबीने ते काम भागत नाही.

शेवटचे एक. ताई, आपल्या मुलाला सांगा, परगावच्या भाड्याला यंत्र जरूर लाव, पण रात्रीबेरात्री कुणाच्या घरची बाई अडली म्हणून फोन आला तर पत्ता विचारताना गावाचे नाव घेऊन थांबू नको. वस्ती कोणती, नाला अलीकडे की पलीकडे, फाट्यावर कोण उभे राहील, हे विचार. डबीतली बाई 'पोहोचलात' म्हणाली तरी दार दिसेपर्यंत तू पोहोचला नाहीस. आणि मोकळ्या वेळी आपल्या सेनगावकडच्या वस्त्यांची नावे नकाशात आहेत का तेही बघ. नसली तर तूच घाल.

जयभीम!